सिंक्रोच्या निवडचाचणीआधी सदस्यत्व नेमके कोणते आहे ते पाहा

आपली मुलगी दहा वर्षांची आहे, जवळच्या रिंकवर तिने बेसिक सहापर्यंतचे (नवशिक्यांच्या सहाव्या पायरीपर्यंतचे) वर्ग पूर्ण केले आहेत, मे महिन्यात तेथील सिंक्रोनाइझ्ड स्केटिंग (सिंक्रो, म्हणजे बर्फावर अख्ख्या संघाने एका तालात करायचे स्केटिंग) संघाची निवडचाचणी आहे, आणि रिंकच्या कचेरीने "तिची पातळी पुरेशी आहे, काळजी करू नका" असे सांगितले आहे, एवढे आपण लिहिले आहे. यातले शेवटचे वाक्य वाचून मला स्वस्थ बसवेना. सात वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये हेच वाक्य मला ऐकवले गेले, मी ते खरे मानले, आणि आमच्या मुलीचा एक अख्खा हंगाम बाकावर बसण्यात गेला.

मी प्रशिक्षक नाही. माझा अनुभव एका रिंकपुरता व एका क्लबपुरता आहे आणि नियमपुस्तकात वरचेवर बदल होत असतात, तेव्हा पुढचे सारे त्या मर्यादेत वाचावे. पोशाख, केसांची जाळी, हातमोजे यांविषयी संघाची व्यवस्थापक कळवतेच, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

मला जे फार उशिरा कळले ते असे की, अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रिंक चालवणारी संस्था वेगळी असते आणि फिगर स्केटिंग क्लब वेगळा असतो. दोघांचा बर्फ एक, फलक एक, कधीकधी प्रशिक्षकही तेच, पण हिशेब आणि नोंदी स्वतंत्र. मुलीला वर्गात घालताना आपण जे शुल्क भरतो त्यात 'लर्न टू स्केट यूएसए' या नवशिक्यांच्या कार्यक्रमाचे सदस्यत्व येते, तर यूएस फिगर स्केटिंग या राष्ट्रीय संघटनेच्या अधिकृत चाचण्या द्यायच्या असतील तर त्या संघटनेचे पूर्ण सदस्यत्व लागते, जे बहुतेक जण क्लबमार्फत घेतात. दोन्हींचे वर्ष १ जुलै ते ३० जून असेच असल्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. आमच्याकडे सदस्य क्रमांक होता आणि पावतीही होती, म्हणून मुलगी सदस्य आहे याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. कचेरीत विचारले तेव्हा तेथील बाईंनी संगणकात पाहून "हो, आहे" असे सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते.

ज्या संघासाठी ती प्रयत्न करत होती, त्याच्या पातळीला 'मूव्ह्ज इन द फील्ड'ची एक चाचणी ठरावीक तारखेपूर्वी उत्तीर्ण असणे आवश्यक होते. (यात उड्या नसतात, पावले, कडा आणि वळणे तपासतात; या चाचण्यांना आता स्केटिंग स्किल्स म्हणतात.) एप्रिलमधल्या चाचणीसाठी आम्ही अर्ज केला आणि सदस्यत्व ग्राह्य नाही म्हणून तो परत आला. तोवर मुदत उलटली होती, आणि पुढचे सत्र निवडचाचणी होऊन गेल्यानंतरचे होते. प्रशिक्षिकेला वाटले की क्लबचे सदस्यत्व आम्ही केव्हाच घेतले असेल. आम्हाला वाटले की तसे काही लागत असते तर त्यांनी सांगितलेच असते. संघाने मुलीला केवळ सरावापुरते घेतले. जवळजवळ पूर्ण शुल्क भरून ती सप्टेंबरपासून दर शनिवारी पहाटे साडेपाचला उठून बर्फावर गेली, गणेशोत्सवातल्या नाचाच्या तालमी तिने सोडल्या, आणि जानेवारीतल्या विभागीय स्पर्धेत स्केट्सची पिशवी मांडीवर घेऊन प्रेक्षकांत बसली.

कचेरीत जाऊन मी तक्रार केली तेव्हा "तो क्लबचा विषय आहे, त्यांचा ईमेल फलकावर आहे" असे उत्तर मिळाले, तर क्लबने रिंकच्या कचेरीने काय सांगितले याची जबाबदारी आमची नाही असे कळवले. खोटे कोणीच बोलले नव्हते; प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरते सांगितले होते. शिधापत्रिकेसाठी पुण्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर खेटे घातलेला मी माणूस, पण येथे हसून, नम्रपणे बोलतात म्हणून बेसावध राहिलो.

म्हणून काउंटरवर काहीही विचारू नका. संघाच्या व्यवस्थापकाला ईमेल करून कोणत्या पातळीच्या संघासाठी मुलीचा विचार होईल, त्या पातळीला कोणती चाचणी कोणत्या तारखेपर्यंत लागते आणि तिचे आजचे सदस्यत्व त्या चाचणीला चालेल का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्याच पत्रात मधेच संघ सोडल्यास उरलेल्या शुल्काचे काय होते हेही विचारून ठेवा, कारण आमच्या करारानुसार ते पूर्ण भरावे लागत होते आणि मी सही करताना ते पान वाचले नव्हते.

आता थोडे तयारीविषयी, जे कदाचित कोणाला पटणार नाही. त्या हिवाळ्यात खासगी शिकवणीचे सारे पैसे आम्ही उड्यांवर घालवले, आणि निवडचाचणीत उडी कोणी पाहिलीसुद्धा नाही. पाहिले ते दोन्ही दिशांचे क्रॉसओव्हर (गोलात जाताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणे), पात्याच्या कडेवरचा तोल, थ्री-टर्न (एकाच पायावरचे वळण), मोहॉक (पाय बदलून घेतलेले वळण), आणि शेजारणीचा हात धरल्यावर मुलगी तिला ओढते की तिच्यासोबत जाते हे. बहुतेक मुली घड्याळाच्या उलट दिशेला सफाईने जातात आणि सुलट दिशेला अडखळतात. आमचीही तशीच होती. मुली हात धरून रेघेत उभ्या राहतात आणि ती रेघ चाकाच्या आरीसारखी फिरते, त्या चाकाच्या रचनेत बाहेरच्या टोकाच्या मुलीला जीव तोडून वेग घ्यावा लागतो आणि मधल्या मुलीला जवळजवळ जागच्या जागी पावले टाकावी लागतात, तरीही रेघ वाकता कामा नये. ज्यांनी शाळेत लेझीम केले आहे त्यांना हे लगेच समजेल: एकटी सुंदर खेळणारी मुलगी पथकाला उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा उरलेले आठवडे सुलट दिशेच्या क्रॉसओव्हरना द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्यांना धार लावायची असेल तर निवडचाचणीच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी लावावी, आणि हॉकीच्या स्केट्सना सरावलेल्या माणसाकडे देऊ नये. आमच्या एका जोडीच्या पात्यांच्या पुढच्या टोकाचे खालचे दातेच अशा माणसाने घासून टाकले.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावे, कारण तो प्रश्न भारतातून दर फोनवर येतो. मी त्यांना सांगत असे की १९५६ साली पहिला संघ डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी आमच्याच राज्यात, अ‍ॅन आर्बरला उभा केला, आणि पहिली जागतिक स्पर्धा मिनियापोलिसला भरायला २००० साल उजाडले. त्यावर आईचे म्हणणे एवढेच, की मग पुढे काय.

मेपूर्वी चाचणीचे सत्र मिळत नसेल, तर जिथे चाचणीची अट नाही अशा खालच्या पातळीच्या संघात मुलीला घ्याल का, असे विचारून पाहा. आम्हालाही तो पर्याय देण्यात आला होता. लहान मुलींमध्ये खेळणार नाही म्हणून आमची रडली आणि मी तिचे ऐकले. त्या खालच्या संघाने त्या वर्षी चार स्पर्धा खेळल्या.