लोड गाडी चढावर: कुठे ओलांडायची, कुठे मागे राहायचं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटात ट्रकमागे अडकलं की काटा पंचविशीच्या वर सरकत नाही. जबलपूर रोडवर दोन ट्रक शेजारी-शेजारी चालत दीड-दोन किलोमीटर वाट अडवून धरतात. पुढच्याने उजवा इंडिकेटर दिला की जायचं की थांबायचं ते कळत नाही. आणि शेवटी, "हे लोक मुद्दाम करतात का?"

मी नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. त्याआधी बरीच वर्षं दहा चाकी आणि मग ट्रेलर स्वतः चालवला, म्हणून सविस्तर लिहितो. मुद्दाम करणारे आहेत, नाही असं नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या क्षणी ड्रायव्हरच्या हातात नसतं. लोड, म्हणजे माल भरलेल्या गाडीचं घाटात काय होणार ते घाट लागायच्या आधीच ठरलेलं असतं. चढताना पायथ्याच्या वेगावर, उतरताना माथ्यावर टाकलेल्या गिअरवर. हे एकदा लक्षात आलं की ट्रकला कुठे गाठायचं आणि कुठे नाही, हेही आपोआप कळतं.

आधी ताकद बघा. २०१८ साली केंद्राने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दोन एक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, दहा चाकीची २५ वरून २८.५ आणि मोठ्या ट्रेलरची ५५ टनांपर्यंत गेली. २८ टन भरलेल्या दहा चाकीत साधारण १८० हॉर्सपॉवरचं इंजिन असतं, म्हणजे टनामागे साडेसहाच्या आसपास. तुमची छोटी कार माणसं धरून सव्वा टन, इंजिन ८० हॉर्सपॉवरचं. टनामागे साठाच्या वर. दहापट फरक! सपाटीवर तो जाणवत नाही, कारण तिथे फक्त वारा आणि टायरचा विरोध कापायचा असतो. चढावर मात्र प्रत्येक किलो वर उचलावा लागतो.

आपल्या रस्त्यांच्या मानकांत साध्या मुलखात ३० ला १ (३० मीटर रस्त्याला १ मीटर उंची) आणि डोंगरात २० ला १ असा चढ धरतात. १८० हॉर्सपॉवरपैकी गिअरबॉक्स, जॉइंट, हाउसिंगमधून चाकापर्यंत दीडशे पोचतात असं समजा. तेवढ्यात २८ टन २० ला १ च्या चढावर ओढायचे म्हटलं तर वेग निघतो ताशी २५-२६ किलोमीटर. तुमचा काटा पंचविशीला अडकतो तो इथे. ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलेलाच असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि छिंदवाडा ६७५ च्या आसपास. एवढी उंची २८ टनांसकट चढायलाच जवळपास सात लिटर डिझेल जळतं. अंतर कापायचं डिझेल वेगळं.

आता पायथ्याचं गणित, कारण कारवाल्यांना नेमकं हेच माहीत नसतं. ताशी ६० च्या वेगातल्या गाडीत इतका जोर साठलेला असतो की इंजिनाने काहीच केलं नाही तरी ती साधारण १४ मीटर उंची चढेल. २० ला १ च्या चढावर म्हणजे पावणेतीनशे मीटर रस्ता फुकटात. वेग ४० वर आला की हेच ६ मीटरवर येतं. म्हणून अनुभवी ड्रायव्हर चढ दिसला की आधीपासून गाडी पळवतो आणि आपल्याला वाटतं, हा आता कशाला घाई करून राहिला? नेमक्या त्याच वेळी एखादा कारवाला पुढे घुसतो आणि वळण आलं म्हणून ब्रेक मारतो. कारचं काही जात नाही. ट्रकला मात्र दोन गिअर खाली यावं लागतं. चढावर क्लच दाबला की दीड सेकंदात तीनेक किलोमीटरचा वेग उडतो. पंचवीसवर असताना तीन म्हणजे काय ते बघा. शिवाय गेलेला वेग त्या घाटात परत मिळत नाही, मागच्या सगळ्या रांगेला माथ्यापर्यंत तीच शिक्षा. ड्रायव्हर शिव्या देतो त्या बहुतेक याच कारणासाठी.

तेव्हा ओलांडायचं तर घाट लागायच्या बरंच आधी, सपाटीला, आणि ओलांडल्यावर पाय न काढता लांब निघून जायचं. नाहीतर चढाच्या मध्ये, सरळ तुकडा दिसत असेल तिथे. तिथे ट्रक पंचवीसवर असतो, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये सहज चाळीस गाठता. फक्त तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रखडत बाहेर निघू नका, गिअर आधी पाडा. अगदी पायथ्याशी आणि माथ्यावर मात्र नाही. माथ्यावर पलीकडचं दिसत नाही आणि पलीकडून येणारा उताराला असतो, त्याला थांबणं अवघड. वळणावर, माथ्यावर, पुढचं दिसत नसताना ओव्हरटेक करायला कायद्यानेही मनाई आहे. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमही आहेच. आपल्याकडे जो जास्त डिपर मारतो त्याची वाट, असा समज झालाय, तो सोडा.

गाडी लोड आहे की खाली, म्हणजे रिकामी, हे मागून ओळखता येतं. एखादं एक्सल रस्त्यापासून उचललेलं दिसलं तर गाडी खाली किंवा हलकी आहे. ती चढावर तुमच्याबरोबर पळेल, उगाच ओलांडायची घाई करू नका. सगळी चाकं टेकलेली, स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले, ताडपत्री ताणून बांधलेली असेल तर पूर्ण लोड. कोळशाचे, रेतीचे हायवा (टिपर) तर बघताच समजतं. संत्र्याच्या मोसमात काटोल-वरूडकडच्या गाड्या दिसायला उंच भरलेल्या असतात, पण कोळशाच्या मानाने हलक्या.

दोन ट्रकांची शर्यत. ही शर्यत नसते. मालवाहू गाड्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग त्यावर जाऊ न देणारं यंत्र असतं. एकाचा गव्हर्नर ८० ला तोडतो, दुसऱ्याचा ७७ ला. बारा-बारा मीटरच्या दोन गाड्या, मागेपुढे वीस-वीस मीटर अंतर धरलं तर मागच्याला ६४ मीटरने पुढे सरकायचं असतं. तीन किलोमीटरच्या फरकाने त्याला ७७ सेकंद लागतात आणि तेवढ्यात दोघं मिळून १.७ किलोमीटर जातात. तुम्ही लिहिलेले दीड-दोन किलोमीटर हेच. मग तो मागेच का राहत नाही? कारण मागे राहायचं तर पाय काढायचा, आणि पुढे चढ असेल तर वर सांगितलेला सगळा जोर घालवायचा. आडमुठेपणा कुठे म्हणायचा? पुढचा गव्हर्नरवर चालतोय हे दिसत असूनही चढाच्या तोंडाशी बाहेर काढतो आणि मध्येच दम तुटला तरी परत आत येत नाही, त्याला. जबलपूर रोडवरचा कुरई घाट आता चौपदरी झालाय, तरी तिथे हे रोज बघायला मिळतं. खरं तर डाव्या गाडीच्या ड्रायव्हरने दोन सेकंद पाय काढला तर सगळं सुटतं. तो काढत नाही, आणि हा मात्र शुद्ध अहंकार, त्याची बाजू मी घेणार नाही.

उजवी लेन धरून चालणं हाही नियमभंगच. पण कारण सांगतो. डाव्या लेनमध्ये उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, कापसाचा ट्रॅक्टर, ढाब्यापुढे अर्धी आत उभी असलेली गाडी, आणि जड वाहनांनीच पाडलेल्या चाकोऱ्या. ५५ टनांच्या ट्रेलरला अचानक आलेला ट्रॅक्टर चुकवता येत नाही, थांबताही येत नाही. म्हणून तो आधीच उजवीकडे जातो आणि मग तिथेच राहतो. समृद्धी महामार्गावर ही कारणं बरीच कमी, पण सवय तिथेही आली. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू होऊन नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तिथे कारला १२०, मालवाहू गाड्यांना ८०. चढावर लोड गाडी ४० वर आलेली असते आणि तुम्ही १२० वर, म्हणजे शंभर मीटरचं अंतर साडेचार सेकंदांत संपतं. रात्री मागचे दिवे मळलेले असतील तर ते शंभर मीटरही मिळत नाहीत. तिथे पुढचा लाल ठिपका मोठा होतोय की नाही, एवढं एकच बघत चालवा.

इंडिकेटर. उजव्या इंडिकेटरचे रस्त्यावर तीन अर्थ चालतात: मी उजवीकडे येतोय, समोरून गाडी आहे थांब, आणि काही ड्रायव्हरांच्या हिशेबी, जा. डाव्या इंडिकेटरने जागा देणारे आहेत, तसे खरंच डावीकडे थांबणारेही आहेत. नियमात मागच्याला जाऊ देण्याची खूण हाताची आहे: उजवा हात बाहेर काढून मागेपुढे हलवणं. जुने ड्रायव्हर अजून करतात, आणि ते बघून बरं वाटतं. पण हात काय, दिवा काय, तो तुमच्यासाठी रस्ता बघत नसतो. खूण म्हणजे फार तर "मी तुला पाहिलंय". समोरचं तुमचं तुम्हीच बघायचं. दुपदरीवर ५० च्या ट्रकला ८० ने ओलांडायला सात सेकंद आणि दीडशे मीटर लागतात. समोरचाही ८० ने येत असेल तर तोही तेवढाच पुढे आलेला असतो. म्हणजे किमान तीनशे मीटर मोकळे, आणि छातीत धडधड नको असेल तर पाचशे. ट्रकला चिकटून चालाल तर हे काहीच दिसत नाही. वीस-पंचवीस मीटर मागे राहा, त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. "हॉर्न ओके प्लीज" लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, पण ओलांडण्याआधी एकदा हॉर्न आणि एकदा डिपर द्यायचं कारण काही गेलेलं नाही.

आखूड वळणांवर अजून एक. डावं वळण घ्यायला ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो, कारण त्याची मागची चाकं पुढच्यांच्या मागे न येता आतून कापत जातात. डावीकडे जागा मोकळी झालेली दिसते, दुचाकीवाला शिरतो, आणि मागची चाकं तिथेच येतात. ती जागा तुमच्यासाठी नसतेच. चढावर थांबलेल्या ट्रकमागेही गाडीभर अंतर ठेवा, सुटताना तो फूट-दोन फूट मागे येऊ शकतो. बंद पडलेल्या गाडीच्या चाकामागे लावलेले दगड बरेचदा तसेच रस्त्यात सोडून जातात. रात्री घाटात डाव्या कडेने जाताना ते डोक्यात असू द्या. मे महिन्यात तर पंचेचाळीस अंशांत, कमी वेगात, इंजिन तापून ट्रक जागोजागी उभे असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या. आतला माणूस कुठल्या उकाड्यात बसलाय तेही ध्यानात घ्या.

परतीच्या उताराचं तुम्ही विचारलं नाही, पण धोका तिथे जास्त आहे. २८ टन १०० मीटर खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यात नव्वदेक लिटर पाण्याला उकळी फुटेल. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये घातली तर ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड जाते, आणि मग "ब्रेक फेल". बरेचदा ब्रेक दाबणारी हवा शाबूत असते, ब्रेक नुसते भाजलेले असतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्यात किंवा त्याच्याही एक खालच्यात, माथ्यावरच गिअर टाकून, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) लावून उतरायचं असतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजून आहेत. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल तसंही तुटतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वाचत काही नाही. आणि एकदा वेग वाढला की खालचा गिअर परत बसत नाही.

तेव्हा सिल्लेवानी उतरताना पुढच्या ट्रकमधून जळका वास येत असेल तर त्याला ओलांडून त्याच्या पुढे जाऊ नका. अंतर वाढवा, हवं तर थांबून चहा घ्या. मागून येणारा ट्रक सलग हॉर्न आणि लाइट देत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, पहिली मोकळी कड दिसली की डावीकडे घ्या आणि जाऊ द्या. आणि हो, स्वतःची कारही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरवा, ब्रेकवर पाय ठेवून नाही.