चिमणीच्या कडेनं गळतंय: सीलंट मारून भागेल की छप्परच बदलावं?

तुमच्या छपरातून चिमणी जिथं वर निघते तिथं पाणी झिरपतंय, एक कारागीर सीलंट मारू म्हणतो आणि दुसरा सगळं छप्पर बदला म्हणतो. माझं ऐकाल तर इतक्यात दोघांनाही होकार देऊ नका. पाणी नेमकं कुठून शिरतंय ते आधी शोधा.

मी ते शोधलं नव्हतं. दोन वर्षांत दोनदा चिमणीभोवती डांबर थापून घेतलं. तिसऱ्यांदा गळल्यावर ते खरवडून काढलं, तर खालचा पत्रा कागदासारखा झाला होता. बोटानं दाबला आणि भोक पडलं. वरून सगळं काळंभोर, घट्ट दिसायचं. आत मात्र पाणी अडकून फळीसुद्धा कुजली होती.

चिमणी आणि छप्पर जिथं भेटतात त्या सांध्यातून पाणी आत जाऊ नये म्हणून जे पत्रे बसवतात, त्याला फ्लॅशिंग म्हणतात. ती एकच पट्टी नव्हे. शिंगलच्या, म्हणजे ओळींनी एकावर एक चढवलेल्या चपट्या तुकड्यांच्या, छपरावर चिमणीच्या दोन्ही बाजूंना काटकोनात वाकवलेले छोटे पत्रे असतात, प्रत्येक ओळीत एक, वरचा खालच्यावर चढवलेला. त्यांच्यावरून दुसरा पत्रा येतो. त्याची वरची कड विटांच्या दरजेत साधारण 1 इंच खाच पाडून बसवतात. दोन थर अशासाठी की चिमणी स्वतःच्या पायावर उभी असते आणि छप्पर वाशांवर. उन्हात, थंडीत दोन्ही आपापल्या परीनं हलतात, तेव्हा हे पत्रे एकमेकांवर सरकायला हवेत. सीलंटनं ते जखडले की काही ऋतूंत तडा जातोच.

आता शोधायचं कसं? कोरड्या दिवशी एकाला टॉर्च देऊन माळ्यावर बसवा. दुसऱ्यानं पाण्याची नळी घेऊन चिमणीच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करायची. एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं, मगच वर सरकायचं. घाई करून वरून पाणी ओतलंत तर ते सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. छताच्या डागावर भरवसा ठेवू नका, पाणी वाशावरून लांबवर धावतं. उतार जास्त असेल तर छपरावर स्वतः चढू नका. चिमणीची उताराकडची वरची बाजू नीट बघा. पालापाचोळा तिथंच साचतो. चिमणी 30 इंचांहून रुंद असेल तर तिथं पाणी दोन्हीकडं वळवणारा छोटा उंचवटा हवा. आणि फ्लॅशिंगवर पाणी सोडून आत थेंबही आला नाही, तर चिमणीच्या माथ्यावरच्या सिमेंटला तडा असेल किंवा दरजा पोकळ झाल्या असतील. ते काम गवंड्याचं आहे, छपरावाल्याचं नाही.

खर्चाचं गणित छपराच्या वयावर ठरतं. शिंगल अजून लवचीक असतील, कडा वळल्या नसतील, तर फक्त फ्लॅशिंग नव्यानं करून घ्या. सगळ्या छपराच्या मानानं तो खर्च फारच कमी. शिंगल ठिसूळ झाल्या असतील, आणखी दोन-तीन ठिकाणी ओल असेल, तर मात्र छपराबरोबरच फ्लॅशिंग करा. नाहीतर आज घातलेलं फ्लॅशिंग छप्पर बदलताना पुन्हा उचकटावं लागेल आणि एकाच कामाची मजुरी दोनदा जाईल.

अंदाजपत्रक लेखी मागा. जुना पत्रा काढणार की त्यावरच नवा बसवणार, दरजेत खाच पाडणार की नुसता चिकटवणार, फळी कुजलेली निघाली तर तिचा दर काय, हे त्यात यायला हवं. मी शेवटचा मुद्दा लिहून घेतला नव्हता, आणि फळ्या उघड्या पडल्यावर, आभाळ भरून आलेलं असताना, सांगतील तो आकडा मान्य करावा लागला.