नवरा ख्रिस्ती, मी बौद्ध: बाळाचं काय करायचं?

"चर्चमध्ये डोळे मिटून उभी राहिले तर बाबासाहेबांशी बेइमानी होते का?" सोलापुरात आम्ही आंतरधर्मीय जोडप्यांशी बोलतो, तिथे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. इथलं जोडपं (ओळख पटेल असे तपशील बदललेत) रजिस्टर लग्न केलेलं. ती बौद्ध घरातली, तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतला. मुलगी पाच महिन्यांची. सासूबाईंना ईस्टरला बाप्तिस्मा हवा होता, माहेरच्यांनी विहारात नामकरण ठरवून टाकलं होतं.

दोघांनी तोडगा काढला होता, "सगळे धर्म सारखेच." शोकेसमध्ये बुद्धमूर्तीशेजारी क्रूस आला आणि लवकरच भांडणंही आली. धर्म सारखे नाहीतच मुळी. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी निर्माता देव आणि तारणारा ख्रिस्त. धम्मात निर्मात्याला जागा नाही, नित्य आत्म्यालाही नाही. हे झाकून ठेवलं की प्रत्येकाला वाटतं, समोरचा आपल्याला हळूहळू त्याच्या बाजूला ओढतोय. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही काय जुळत नाही तेच लिहायला लावतो. सगळं गोड करून घेण्याची घाई असलेल्यांना हे आवडत नाही.

मग आचरणाची यादी. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं ही पंचशीलातली चार शीलं दहा आज्ञांतल्या चारांशी बऱ्यापैकी जुळतात. पाचवं, मद्याचं, जुळत नाही; नवरा नाताळला वाइन घेणारा. घरात दारू आणायची नाही, यावर तो स्वतःहून आला. वैराने वैर शमत नाही हे धम्मपदातलं वचन आणि मत्तय ५:४४ मधलं 'शत्रूंवर प्रीती करा' यांवर मात्र क्षणभरही वाद झाला नाही. रात्री दहा मिनिटं: एकाने आपल्या ग्रंथातल्या चार ओळी वाचायच्या, दुसऱ्याने खोडायचं नाही, शेवटी दोन मिनिटं शांत बसायचं. वाचणाऱ्याने "तुमच्यातही हेच आहे" असं म्हणायचं नाही. त्या एका वाक्यावर बरीच घरं घसरतात.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं निघालं. निष्ठा जाहीर करणारे शब्द ज्याचे त्यानेच म्हणायचे, बाकी ठिकाणी सोबत बसायचं. उपासनेत ती उभी राहते, गाणी ऐकते. विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची जाहीर कबुली) म्हणत नाही, प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) पुढे जात नाही. विहारात तो त्रिसरणाच्या (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याच्या शब्दांच्या) वेळी गप्प राहतो, पंचशील म्हणतो. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ख्रिस्ताचं नाव नाही, पण बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागण्याची प्रतिज्ञा आहे. तिला ती मोडावी लागली नाही.

तिच्या वडिलांशी बोलताना १९३८चा संदर्भ कामी आला. त्या वर्षाच्या सुरुवातीला बाबासाहेब याच शहरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला भुरळ घातली, असं ते म्हणाले. ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, अशी कानउघाडणीही त्याच भाषणात केली. वडिलांना दुसरा भाग जास्त पटला, आणि तेही ठीकच.

बाप्तिस्म्याची गाठ मंडळीच्या नियमांतच सुटली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली सहा चर्चच्या एकत्रीकरणातून उभं राहिलं (तेही नागपुरातच!). त्यात तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही असल्यामुळे तिथे दोन्ही वाटा मान्य आहेत: तान्ह्याचा बाप्तिस्मा, किंवा आत्ता फक्त उपकारस्तुती व आशीर्वाद आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. पाळकांना आधी भेटून दुसरी वाट मागायची, सासूबाईंना बरोबर न्यायचं. रोमन कॅथलिक घरात हे इतकं सोपं नसतं. तिथे मिश्र विवाहाच्या परवानगीसाठी कॅथलिक जोडीदाराला मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यावं लागतं. हे लग्नाआधीच विचारा.

एक इशारा मात्र आम्ही पहिल्याच दिवशी देतो. "घरच्यांच्या समाधानासाठी" म्हणून बाप्तिस्मा घेऊ नका. अनुसूचित जातीचा दर्जा १९५०च्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६पासून शिखांना आणि १९९०पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणं हे दोन्ही पाहून सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातीच्या दाखल्याची मागणी फेटाळली. आमच्या या जोडप्यातली ती राखीव जागेवर नोकरीला आहे. त्यामुळे तिने स्वतःच्या आणि मुलीच्या कागदपत्रांबद्दल वकिलाचा सल्ला आत्ताच घ्यावा, शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना येईपर्यंत थांबू नये, असं आम्ही सांगितलं.