टाके सुकले, आता शाळेत कशी जाऊ?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. वय ४४. गाठींमुळे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. सोमवारी सहा आठवडे पूर्ण होतात, त्याच दिवशी रुजू होणार आहे. हिमोग्लोबिन ९.४ आहे. शाळा ११ किलोमीटरवर, मी स्कूटरने जाते. सगळे सहकारी म्हणतात, 'मॅडम, तुम्ही नुसत्या या, बाकी आम्ही बघतो.' पण त्यांच्यावर किती भार टाकायचा, याचा संकोच वाटतो.

उत्तर : ताई, संकोच बाजूला ठेवा. मात्र 'आम्ही बघतो' एवढ्यावर विसंबू नका. कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत बघणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाहीतर आठवडाभर सगळे धावून येतात, मग एके दिवशी जवळपास कुणीच नसतं आणि वह्यांचा गठ्ठा तुम्हीच उचलता.

तो गठ्ठा का उचलायचा नाही, ते आधी समजून घ्या. कातडीवरचा टाका दहा-बारा दिवसांत सुकतो. आत स्नायूंवर जे चिवट पांढरं आवरण शिवलेलं असतं, त्यात सहा आठवड्यांनी साधारण निम्मीच ताकद आलेली असते. वरून जखम छान दिसते म्हणून बाई वजन उचलते आणि काही महिन्यांनी त्याच जागी हर्नियाचा फुगवटा येतो. तीन महिने पूर्ण होईपर्यंत पाच किलोच्या वर काही उचलू नका. दोनशे पानी चाळीस वह्या पाच किलोच्या पुढे जातात, भरलेला पाण्याचा जार वीस किलोचा असतो आणि पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्याला हातही लावायचा नाही. बाक ओढणं, अडकलेलं कपाट जोर लावून उघडणं हेही वजन उचलण्यासारखंच आहे. पोटपट्टा बांधला की वजन चालतं, हा समज चुकीचा आहे.

तासिका लागोपाठ दोनपेक्षा जास्त नकोत. वीसेक मिनिटं उभं राहिलात की खुर्चीवर बसा, फळ्यावर लिहायला एखाद्या मुलीला उठवा. परिपाठाला जमिनीवर बसू नका, कारण खाली बसण्यापेक्षा उठताना पोटावर जास्त ताण येतो. खोकला किंवा शिंक आली तर टाक्यावर तळहात घट्ट दाबून धरा. दर दोन-तीन तासांनी लघवीला जा. शाळेत सोय नीट नसली की बायका पाणीच कमी पितात, आणि मग लघवीचा संसर्ग व बद्धकोष्ठता दोन्ही मागे लागतात. कुंथण्याचा ताण थेट टाक्यांवर येतो. लोहाच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना शौचाला खडा होतो, तेव्हा शौच मऊ होण्यासाठी पातळ औषध हवं का, हे डॉक्टरांना विचारा.

दुपारनंतर गळून गेल्यासारखं होईल. हा आळस नव्हे, ९.४ हिमोग्लोबिनचा परिणाम आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर दोन-तीन आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढ होते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. तिच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा नको. शाळेतला अकराचा चहा इथे नेमका आडवा येतो. आकडा बारावर गेला तरी गोळ्या लगेच बंद करू नका, शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

स्कूटर पहिले दोन आठवडे एखाद्या सहकारी बाईंच्या मागे बसूनच, गतिरोधकावर हळू. स्वतः चालवण्याआधी अंगणात उभ्या गाडीवर बसून एकदम ब्रेक दाबून पाहा आणि दोन्ही पाय जोरात टेकून पाहा. पोटात कळ आली तर अजून वेळ आहे. किक मारणं आणि गाडी मधल्या स्टँडवर चढवणं तीन महिने वर्ज्य.

आता भाराबद्दल. कवायतीचा तास आणि पोषण आहाराची मोजणी सहकाऱ्यांकडे द्या. त्यांची यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, निकालपत्रकं, शालार्थचं (ऑनलाइन पगारबिलांचं) काम तुम्ही बसून करा. देवाणघेवाण झाली की संकोच उरत नाही आणि मदतही टिकते.

रुजू होताना फिटनेसचा दाखला लागेल. वजन, बैठक, प्रवास यांच्या मर्यादा तारखेसह डॉक्टरांकडून वेगळ्या कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मुख्याध्यापक बदलले की विसरलं जातं. परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात पूर्ण पगाराची रजा) घेतली असेल तर अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात: ४२ दिवसांना ८४. सेवापुस्तकातली नोंद तपासा.

१००.४ च्या वर ताप, टाक्यातून पू, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज व दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, यापैकी काहीही झालं तर शाळा सुटायची वाट पाहू नका.

प्रश्न : आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी बायपासनंतर दोन महिन्यांनी येत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही काय करावं?

उत्तर : पहिली गोष्ट, आनंदाच्या भरात पाठीवर थाप मारू नका आणि खुर्चीतून उठताना हाताला धरून ओढू नका. छातीचं मधलं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते पक्कं जुळायला तीन महिने लागतात. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मिळाला तर उत्तम. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो. टेबलाखाली ठेवायला एक स्टूल द्या आणि तासाला पाच मिनिटं चालू द्या. काही आठवडे लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत, मन खट्टू होतं. म्हणून काम लेखी द्या, पण काम द्याच. नुसतं बसवून ठेवलं की माणूस आणखी खचतो. त्यांच्या स्वागताला वडापाव मागवू नका, फळं आणा. छातीत दुखू लागलं तर कुणाच्या गाडीची शोधाशोध न करता १०८ लावा.

प्रश्न : मी कारखान्यात कामाला आहे, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रजा काढली तर पगार बुडेल का?

उत्तर : संबंधित सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (पगारातून कापलेली विम्याची रक्कम) भरलेलं असेल तर सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. दाखला ईएसआयच्या दवाखान्यातल्या किंवा पॅनेलवरच्या डॉक्टरांचाच लागतो. हा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही. कामावर परतण्याची घाई सहकाऱ्यांच्या ओढीने होत असेल, तरी पेट्या उचलण्याच्या जागेवर थेट जाऊ नका. आधी तपासणी किंवा पॅकिंगचं बसून करायचं काम मागा.