एअरब्रश नसताना 1944 च्या इंफाळमधील हरिकेनचे मॉडेल वापरलेले कसे दाखवावे?

आपला प्रश्न असा आहे की, 1/72 प्रमाणातील हॉकर हरिकेन मार्क 2सी या दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाचे किट एअरब्रशऐवजी (रंग फवारणारे साधन) फक्त ब्रशने रंगवून ते मणिपूरमधील इंफाळच्या लढाईतील भारतीय हवाई दलाच्या विमानासारखे झिजलेले दाखवायचे असेल, तर चंदेरी ओरखडे कुठे आणि किती काढावेत. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतो आणि माझीही सगळी मॉडेल्स ब्रशनेच रंगवलेली आहेत. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत चंदेरी रंगाचा एकही ठिपका देऊ नये.

याचे कारण विमानाच्या बांधणीत आहे. हरिकेनच्या धडाचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा होता. पुढच्या भागावर पत्रा होता, पण कॉकपिटच्या मागे लाकडी पट्ट्यांवर लिननचे कापड ताणून त्यावर डोप (कापड घट्ट करणारा वार्निशसारखा लेप) चढवलेला असे. शेपटीचे उभे-आडवे भाग, सुकाणू आणि पंखांवरील एलेरॉन (विमान कलवणाऱ्या हलत्या झडपा) हेदेखील कापडाचेच होते. मार्क 2 च्या पंखांवर मात्र पत्रा होता. कापडावरचा रंग गेला तर खाली डोपचा तांबूस थर किंवा कापड दिसेल, ॲल्युमिनियम दिसणार नाही. तरीही संपूर्ण विमानावर सारख्याच जोडरेषा गडद करून सगळीकडे चंदेरी खरचटे दिलेली हरिकेन पुष्कळ पाहायला मिळतात. रंगकाम उत्तम असूनही ती मला पटत नाहीत, कारण तिथे रंगाखाली काय आहे याचा विचारच झालेला नसतो.

तेव्हा विमानाचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. पत्र्याच्या भागावर, म्हणजे इंजिनाचे काउलिंग (इंजिनावरचे आवरण), पंखांच्या मुळाशी माणसे पाय देत ती जागा, आणि तोफांमध्ये दारूगोळा भरण्यासाठी वारंवार उघडली जाणारी पंखांवरची झाकणे, एवढ्याच ठिकाणी टोकदार चंदेरी पेन्सिलीने अगदी बारीक ठिपके द्यावेत. या प्रमाणात मॉडेलवरचा 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे 7.2 सेंटिमीटर, हे सतत ध्यानात ठेवावे. डोळ्यांना सहज दिसणारा ठिपका प्रत्यक्षात तळहाताएवढा रंग उडाल्यासारखा होतो. कापडाच्या भागावर जोडरेषांचा वॉश (रेषांत उतरवलेला पातळ गडद रंग) न देता, खालच्या पट्ट्यांमुळे उठलेल्या कडांवर मूळ रंगात थोडा फिकट बदामी मिसळून कोरड्या ब्रशने हलकेच फिरवावे. माझ्या विशेष आवडीची गोष्ट म्हणजे कापडी ठिगळ. भोक पडले की तिथे कापड चिकटवून वर ताजा रंग देत असत, म्हणून उन्हाने विटलेल्या धडावर मूळ गडद रंगाचा एखादा छोटा चौकोन काढला, तर विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडाल्याचे लगेच कळते. मात्र एक पुरे, फार तर दोन.

रंगांच्या बाबतीत किटच्या डब्यावरील चित्रावर विसंबू नये, कारण ते बहुधा युरोपातील विमानाचे असते. 1941 च्या ऑगस्टपासून युरोपातील लढाऊ विमानांवर हिरव्यासोबत करडा रंग आला आणि शेपटीजवळ फिकट निळसर-हिरवा पट्टाही असे. आग्नेय आशियात मात्र वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी ही जुनी पद्धत चालू राहिली, आणि खालून मध्यम करडा असे. त्याहून महत्त्वाची बाब चिन्हाची आहे. जपानी विमानांवर लाल गोळा असल्यामुळे आपल्याच विमानावर चुकून गोळी झाडली जाऊ नये म्हणून इकडच्या विमानांवरील चिन्हातून लाल रंग काढून टाकण्यात आला आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला. इंफाळला स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील 1 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे हरिकेन आपण करणार असाल, तर लाल रंग असलेले डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) बाजूला ठेवावेत. नाकाखाली धुळीसाठीचा फुगीर व्होक्स फिल्टर किटमध्ये आहे की नाही, हेही रंगाला हात लावण्यापूर्वी पाहावे.

उन्हाने विटलेला रंग कसा दिसतो हे पाहण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. वावराच्या धुऱ्यावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे बॉनेट पाहावे. वरचा सपाट भाग सर्वांत फिकट, बाजू त्याहून गडद आणि हात लागतो तिथे तुकतुकीत. पंखांच्या वरच्या बाजूला आणि धडाच्या पाठीवर हाच क्रम ठेवावा.

ब्रशने रंगवताना आपल्याकडची खरी अडचण हवा ही आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की ॲक्रिलिक ब्रशवरच वाळते आणि पृष्ठभागावर रेघा उमटतात. डब्याच्या झाकणात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरावा आणि रंग त्यावर काढावा, म्हणजे तो बराच वेळ ओला राहतो. पॅलेट तिरपे धरल्यावर थेंब सहज ओघळेल इतका रंग पातळ असावा. पहिला थर डागाळलेला दिसला तरी घाबरून त्यावर पुन्हा ब्रश फिरवू नये, तो पूर्ण वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा द्यावा आणि मग लागेल तसा तिसरा. कुलरसमोर बसून रंगवू नये, त्याच्या झोतात धूळही येते. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ घर असेल तर प्रत्येक थरानंतर मॉडेल डब्याखाली झाकावे, कारण ओल्या रंगात अडकलेला तंतू काढताना रंगही निघतो.

डिकलखाली चकचकीत वॉर्निश आवश्यक आहे. शेवटचे मॅट वॉर्निश स्प्रेच्या डब्यातून मारणार असाल, तर पावसाळ्यातील दमट दिवस टाळावेत. हवेतील ओल अडकून ते पांढुरके होते. ब्रशने लावायचे ॲक्रिलिक मॅट त्या मानाने सुरक्षित आहे.

मॅट वॉर्निश पूर्ण वाळल्यानंतरच धूर आणि धूळ हाती घ्यावी. धुराड्यांपासून मागे जाणारा डाग शुद्ध काळा नसावा, तपकिरी-करडा असावा आणि मागे जाताना विरत जावा. धुळीसाठी रंगीत खडू सँडपेपरवर घासून त्याची पूड चाकांवर आणि पंखांच्या खालच्या बाजूला लावावी. वावरातली काळी माती गाळून वापरण्याचा मोह आवरावा, तिचा 0.1 मिलिमीटरचा कणसुद्धा या प्रमाणात 7 मिलिमीटरचा खडा ठरतो, आणि शिवाय तो रंग कपाशीच्या जमिनीचा आहे.

नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांकडे लोक शेवटी घाईने वळतात. बऱ्याच हरिकेनवर रोटोल कंपनीचे लाकडी पात्यांचे पंखे होते, म्हणून पात्यांच्या कडांवरही चंदेरी रंग लावण्यापूर्वी आपण निवडलेल्या विमानाचे छायाचित्र पाहावे. टोकांचा पिवळा पट्टा 4 इंचांचा असे, म्हणजे मॉडेलवर जेमतेम 1.4 मिलिमीटर, तो मास्किंग टेप लावूनच रंगवावा.