वाचकांचे प्रश्न : डेटाबेस बंद होताना दीड मिनिट का अडतो?

प्रश्न : पोस्टग्रेस हा डेटाबेस आम्ही सोर्सवरून कंपाइल करून लिनक्सवर चालवतो. सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल, हाताने लिहिली आहे. तीत ‘किलमोड=मिक्स्ड’ आहे, सिग्नल किंवा टाइमआउट दिलेला नाही. रीबूट करताना मशीन दीड मिनिट अडकतं आणि नंतर लॉगमध्ये डेटाबेस नीट बंद न झाल्याने रिकव्हरी सुरू असल्याचा संदेश येतो. काय चुकतंय?

उत्तर : खूण त्या दीड मिनिटातच आहे. वेगळं सांगितलं नसेल, तर सिस्टिमडी सर्व्हिस थांबायची वाट साधारणपणे ९० सेकंद बघतं, मग सिगकिल पाठवून तिला मारून टाकतं. तुम्ही सिग्नल ठरवून न दिल्याने आधी सिगटर्म हा थांबण्याचा सिग्नल जातो. पोस्टग्रेससाठी त्याचा अर्थ ‘स्मार्ट’ शटडाउन, म्हणजे नवं कनेक्शन घ्यायचं नाही, पण जोडलेला प्रत्येक क्लायंट आपणहून जाईपर्यंत थांबायचं. ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल (कायम उघडी ठेवलेली कनेक्शनं) कधीच आपणहून जात नाही. ९० सेकंद संपतात, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) न होताच सर्व्हर मरतो आणि पुढच्या वेळी वॉल फाइलींवरून (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) रिकव्हरी करावी लागते.

युनिट फाइलमध्ये ‘किलसिग्नल=सिगइंट’ घाला. हा ‘फास्ट’ शटडाउन : अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) होतात, क्लायंट तोडले जातात, चेकपॉइंट होतो, मग सर्व्हर थांबतो. ‘इमिजिएट’ हे नाव ऐकून तो पर्याय मात्र निवडू नका. त्यात चेकपॉइंटच होत नाही, रिकव्हरी पुन्हा येतेच.

आता वेळ. शेअर्ड बफर (डेटाबेसने डेटासाठी राखलेली मेमरी) मोठे आणि डिस्क संथ असेल, तर शेवटच्या चेकपॉइंटलाच ९० सेकंद पुरत नाहीत. ‘टाइमआउटसेक=इन्फिनिटी’ द्या. ही ओळ सुरू होण्यालाही लागू पडते, आणि तिथे ती जास्तच गरजेची आहे : लांबलेली रिकव्हरी मध्येच मारली, तर सर्व्हर उभाच राहत नाही. यूपीएसवर मोजकीच मिनिटं मिळत असतील, तर थांबवण्याआधी हाताने ‘चेकपॉइंट’ कमांड चालवा. शेवटचं काम हलकं होतं.

‘टाइप=नोटिफाय’ (सर्व्हर तयार झाल्याचं स्वतः कळवतो) वापरायचं असेल, तर कंपाइल करताना सिस्टिमडीचा पर्याय दिलेला हवा. नाहीतर सर्व्हर चालू असूनही ‘तयार आहे’ हा निरोप सिस्टिमडीला कधी मिळतच नाही. ॲप्लिकेशनच्या युनिटमध्ये ‘आफ्टर’ लिहून डेटाबेसचं नाव द्या. बंद होताना हाच क्रम उलटा लागतो, त्यामुळे ॲप्लिकेशन आधी थांबतं.

बदल केल्यावर ‘डेमन-रीलोड’ करा, सर्व्हिस थांबवा आणि पीजी_कंट्रोलडेटा हे पोस्टग्रेससोबतचं साधन चालवून बघा. क्लस्टरची (या सर्व्हरच्या सगळ्या डेटाची) स्थिती ‘शट डाउन’ दिसली पाहिजे. ‘इन प्रॉडक्शन’ दिसली, तर अजून काहीतरी राहिलं आहे.

प्रश्न : जुनी पोस्टमास्टर.पीआयडी (चालू सर्व्हरची नोंद ठेवणारी) फाइल आडवी येऊ नये म्हणून स्टार्टअप स्क्रिप्ट ती आधी पुसते, आणि डेटा डिरेक्टरी रिकामी दिसली तर इनिटडीबी (नवा डेटाबेस तयार करणारी कमांड) चालवते. चालेल?

उत्तर : दोन्ही ओळी आजच काढा. फाइल शिळी आहे की नाही हे पोस्टग्रेस स्वतः तपासतं. जुना सर्व्हर जिवंत असताना ती पुसली, तर त्याच डेटावर दुसरा उभा राहण्याचा आणि डेटा कायमचा खराब होण्याचा धोका आहे. इनिटडीबीचं संकट वेगळं : डेटाची डिस्क माउंट व्हायला उशीर झाला, तर रिकाम्या माउंट पॉइंटवरच नवा कोरा डेटाबेस तयार होतो आणि वापरणाऱ्याला सगळा डेटा गेल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’मध्ये डेटा डिरेक्टरीचा पाथ द्या, आणि त्या डिरेक्टरीत पीजी_व्हर्जन ही फाइल सापडली नाही तर स्क्रिप्ट एरर देऊन तिथेच थांबू द्या.