एमए अर्थशास्त्रानंतर सरकारी नोकरीत श्रम-अर्थतज्ज्ञाची पहिली वर्षं कशी जातात?

धोरणं आखण्यात जातात असं वाटत असेल तर तसं काही नाही. माझी वर्षं व्याख्यांत आणि तळटिपांत गेली. मी आयईएसमधून, म्हणजे भारतीय आर्थिक सेवेतून आलो. यूपीएससीची वेगळी परीक्षा असते, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथमधलं प्रशिक्षण संपेपर्यंत मीही हवेतच होतो.

पहिलं पोस्टिंग श्रमविषयक आकडेवारीत. अर्धा वेळ संसदेच्या प्रश्नांत जायचा. खासदार विचारतात, 'तीन वर्षांत किती रोजगार निर्माण झाले?' पीएलएफएस, म्हणजे रोजगार-बेरोजगारीची देशभरातली सरकारी पाहणी, सांगते ते पाहणीच्या वेळी किती टक्के लोक कामात होते हे. या दोन्हींमधलं अंतर चार ओळींत, कुणाला न दुखावता लिहायचं. माझा पहिला मसुदा तीनदा परत आला. प्रश्न तारांकित असेल, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असेल, तर पूरक प्रश्नांची टिपणं वेगळी.

२०२० च्या सप्टेंबरपासून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१६ या नव्या पायाभूत वर्षावर आला. आकडा तीनशेच्या वरून थेट ११८.१. काकांचा फोन : "अरे, महागाई इतकी उतरली कधी?" म्हटलं, काका, २.८८ ने गुणा, जुन्या मापातला आकडा मिळेल. फोन ठेवला त्यांनी.

पण मी खरं शिकलो ते एका क्षेत्रभेटीत. घरोघरी जाऊन पाहणीची माहिती भरणाऱ्या अन्वेषकाबरोबर एका घरी बसलो होतो. त्याने विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"
"मी काय करणार, घरीच असते."
त्याचं पेन ९२ या कोडवर, म्हणजे 'फक्त घरकाम'. बाईंच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेली तेंदूची पानं.
"आणि या विड्या?"
"त्या होय? फावल्या वेळात. सातआठशे होतात दिवसाला."
९२ खोडून ११ झालं, स्वयंरोजगार. ठेकेदाराच्या मालावर, त्याच्याच दराने विड्या वळणाऱ्या बाईला स्वयंरोजगारी म्हणावं का, यावर परतीच्या प्रवासात आमचं जुंपलं. नियमपुस्तिका त्याच्या बाजूने होती. मला ते आजही पटत नाही, पण कोड तोच आहे.

तयारी करत असाल तर पीएलएफएसचा युनिट-लेव्हल डेटा (एकेका घराच्या, व्यक्तीच्या नोंदी) सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो. अहवालातला एखादा तक्ता स्वतः काढून बघा. पहिल्या खेपेला जुळणार नाही, बहुधा वेट्स (पाहणीतली एक नोंद किती लोकांच्या वतीने मोजायची ते गुणक) लावायचे राहिलेले असतात.